केमोचे डबे

केमोच्या डे केअरमध्ये बायका एकमेकींना काय विचारतात, हे तिथे जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. वाटायचं, कितवी स्टेज, कोणते डॉक्टर, केस कधी गेले, असलं काहीतरी विचारत असतील. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या बाई हाताला सलाइन लावलेल्या अवस्थेत माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दीदी, घर में खाना कौन बना रहा है?"

मी म्हटलं, मीच. त्या माझ्या हातातल्या सुईकडे पाहत राहिल्या. मग मी त्यांना आमच्या फ्रीजरची कथा सांगितली. ती ऐकता ऐकता त्यांची बाटली संपली, माझीही संपली, आणि नर्सबाई येऊन म्हणाल्या की इथे एवढं हसू नका, सुई हलते. त्यानंतर जिला जिला ही कथा सांगितली तिने लिहून काढायला सांगितलं, म्हणून लिहिते आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती मला तेव्हाही धड उच्चारता येत नव्हती.

आधी डब्याची भीती

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. तपासण्या झाल्या, आणि समता कॉलोनीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसायला सांगितलं. आम्ही बसलेलोच होतो. त्यावरून मी ओळखलं.

दोघं म्हणजे मी आणि माझे यजमान, मिलिंद. एरवी मी त्यांना "अहो" म्हणते, पण इथे तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल त्यालाच हाक मारते आहे, म्हणून नाव लिहिते. मिलिंद सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये स्टोअर सांभाळतात. बेअरिंगपासून झाडूपर्यंत सगळं त्यांच्या खिडकीतून जातं आणि टॅग लावल्याशिवाय काहीही जात नाही. रिपोर्ट ऐकून त्यांनी एकच विचारलं, की सॅम्पलची अदलाबदल झाली नसेल ना, टॅग तपासला होता का. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी टॅग दाखवला. तो बरोबर होता. मग मिलिंद गप्प झाले, ते पुढचे बरेच महिने गप्पच राहिले.

बाई ऑपरेशनचं सांगत होत्या, नंतर दर तीन आठवड्यांनी केमो असं सांगत होत्या. मी मान हलवत होते आणि डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. मिलिंदची कंपनीची बस उजाडायच्या आत भनपुरीच्या नाक्यावर येते. सृष्टी, आमची पोरगी, यंदा बारावीला. सासूबाईंना शुगर, जेवायला उशीर झाला की त्यांना चक्कर येते. मी स्वतः शाळेत गणित शिकवते, म्हणजे हे सगळं माझ्या पहाटेवर उभं. मरणाची भीती वाटायला मला संध्याकाळ व्हावी लागली. त्याआधी डब्याची भीती वाटली.

परत येताना मी गोलबाजारात गाडी थांबवायला लावली आणि प्लास्टिकच्या दुकानातून झाकणाचे डबे घेतले. दुकानदाराने विचारलं, भाभी, घरी लग्न निघालं का? मी हो म्हणून टाकलं. मिलिंद बाजूला उभे राहून एकेका डब्याचं झाकण दाबून पाहत होते. डोळे भरलेले होते, तरी ज्यांची झाकणं ढिली निघाली ते त्यांनी बदलून घेतले.

शिळं

माझा बेत सरळ होता. ऑपरेशनला अजून अवकाश होता, तोवर रोज दुप्पट स्वयंपाक करायचा आणि अर्धा गोठवून ठेवायचा. पुढे जे जे आठवडे माझे दवाखान्यात आणि अंथरुणात जातील, त्यात घरच्यांनी एक डबा काढायचा, गरम करायचा, भात लावायचा आणि जेवायचं. सृष्टी म्हणाली की सारी दुनिया असंच करते आणि मोबाइलवर तिने मला परदेशातल्या बायकांचे एकसारखे रचलेले डबे दाखवले. त्या डब्यांत भोपळी मिरची फार होती.

सासूबाई गोंदियाकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे मी आता शिळं खाऊ? माह्या सासूनं मले कधी शिळं नाही देल्लं, अन् सून खाऊ घालून राहिली."

मी म्हटलं, आई, गोठवलेलं शिळं होत नाही. त्यांचं म्हणणं पडलं की सकाळचं संध्याकाळी खाल्लं की झालं शिळं, मग ते बर्फात ठेवा नाहीतर तिजोरीत. हे बोलताना त्या ज्या लोखंडी कोठीला टेकून बसल्या होत्या तिच्यात मागच्या उन्हाळ्यातल्या कुरड्या, मुंगवड्या, सांडगे आणि वाळवलेल्या गवारीच्या शेंगा होत्या. दर उन्हाळ्यात सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ बसू नये म्हणून त्या गच्चीवर जुन्या साड्यांचा तंबू ठोकून वाळवण घालतात, आणि ते आम्ही वर्षभर खातो. हे शिळं नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्याले ऊन लागलं असते."

तेवढ्यात शेजारच्या साहू दीदी कढीपत्ता मागायला आल्या. त्या इथल्याच, छत्तीसगढच्या. उन्हाळाभर त्यांच्या घरी सकाळी बासी असते, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. वाद कशावर चालला आहे ते कळल्यावर त्यांना हसू आवरेना. "हमन त बासी खा के बड़े होए हन, काकी," त्या म्हणाल्या, आणि आपला दंड दाखवला. दंड खरोखर पाहण्यासारखा आहे. सासूबाई म्हणाल्या, तुमचं वेगळं आहे. काय वेगळं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मला नेमकं काय हवं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी नसले तरी या घराने जेवावं, एवढंच. केमोच्या आठवड्यांत नसले तरी, आणि पुढे कधीच नसले तरी. हे दुसरं वाक्य मी फक्त वाटण करताना मनात म्हणायची, मिक्सर चालू असताना.

काय गोठतं, काय गोठत नाही

ज्यांना खरंच करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. बटाटा ठेवू नका, नंतर तो ओल्या स्पंजासारखा लागतो. वांगं चालतं, फक्त जरा कच्चं असताना उतरवा. डाळ घट्ट ठेवा. पाटवडीच्या वड्या वेगळ्या आणि रस्सा वेगळा. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण पिशवीत पातळ पसरून ठेवलं की हवं तेवढं मोडून घेता येतं. पोळ्या अर्ध्या शेकून मध्ये कागद घाला. काहीही गरम असताना आत ठेवू नका आणि डबा गळ्यापर्यंत भरू नका, गोठल्यावर झाकण उडतं. माझं एक उडालं होतं. सासूबाई म्हणाल्या, पाहा, अन्नालेही पटून नाही राहिलं.

नवे डबे संपले तेव्हा मी माळ्यावरचे आइस्क्रीमचे जुने पांढरे डबे काढले. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं होतं की फ्रीजर ठासून भरलेला असला तर लाइट गेली तरी गारवा टिकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, आलं की तारा तुटतात आणि भनपुरीकडे अर्धा अर्धा दिवस लाइट नसते. म्हणून जिथे फट दिसली तिथे यातलेच डबे पाण्याने भरून बसवले.

टॅगचं काम मिलिंदनी मागून घेतलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा काहीतरी मागत होते, म्हणून मी दिलं. प्लांटमधले पिवळ्या पुठ्ठ्याचे, तारेचे टॅग आले. प्रत्येक डब्यावर मालाचं नाव आणि तारीख. मग त्यांनी आम्हा तिघींना ओट्यापाशी उभं करून नियम सांगितला: जो माल आधी आत गेला, तो आधी बाहेर येणार.

त्यांच्या स्टोअरच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. सगळ्यात लाडकी गोष्ट एका गिअरबॉक्सची. तो असा की बिघडला तर सगळा प्लांट बंद, आणि नवा यायला कित्येक महिने. म्हणून तसाच एक आणून ठेवला आहे. त्याला लाल टॅग आहे आणि नाव आहे इन्शुरन्स स्पेअर. मिलिंद त्याला स्वतः पुसतात, ग्रीस लावतात, परत झाकून ठेवतात, आणि तो कधीच बाहेर काढायची वेळ येऊ नये अशी इच्छा करतात. सृष्टी लहान असताना तिला वाटायचं की पापांच्या ऑफिसात एक आजारी माणूस झोपलेला आहे.

स्ट्रेचरवरून

हॉस्पिटलला निघायच्या सकाळी ऑटो दारात उभी होती. मी चप्पल घातली, काढली आणि परत स्वयंपाकघरात गेले. फ्रीजर उघडला. एका कोपऱ्यात हात जाईल एवढी जागा दिसत होती. तिथे आणखी एक डबा सारला, दार लावलं आणि मग निघाले. मिलिंद बॅग घेऊन दारात उभे होते.

हॉस्पिटलात माणसाचं काय होतं ते सांगते. पहिल्यांदा तुमच्या बांगड्या जातात, मग मंगळसूत्र, मग नेलपॉलिश, मग नाव. मी "खिड़की के पास वाली ब्रेस्ट" झाले. सकाळी कोणीतरी येऊन ताप बघतं, कोणीतरी येऊन रात्री झोप लागली का विचारतं, आणि झोप लागलेली असेल तर त्यासाठी उठवतं. चहा येतो तो गरम असतो का, यावर सगळ्या वॉर्डाचा दिवस ठरतो. एक आयाबाई होत्या, त्या न सांगता माझ्या थर्मासात गरम पाणी भरून ठेवायच्या. त्यांना मी अजून विसरलेली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर घातलं, हिरवी टोपी चढवली, आणि मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, इतकी वाटली की दात वाजत होते. मिलिंद बाजूने चालत होते. त्यांनी माझा हात धरला होता की स्ट्रेचरची दांडी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. घरून सृष्टी. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

"मम्मी, डब्बा सीधे गैस पे रखना है क्या? दादी बोल रही है, पिघलेगा."

मी आडव्या आडव्या समजावलं की आधी पाण्यात ठेव, कडा सुटल्या की कढईत काढ, झाकण ठेव, मंद आच. वॉर्डबॉय थांबला होता. ती म्हणाली, सगळे डबे ब्राउनच दिसतात, कुठला काढू? मी म्हटलं, टॅग वाच. मागून सासूबाईंचा आवाज आला की माह्यासाठी नका काढू. वॉर्डबॉय म्हणाला, मॅडम, अब चलें? भूल देताना डॉक्टरांनी विचारलं, काय विचार करताय? मी म्हटलं, वांगं करपेल. हे वाक्य त्यांनी नंतर राउंडला सगळ्यांना सांगितलं.

वांगी

घरी आले ती अंगाला जखमेतलं पाणी काढायची नळी आणि नळीला बाटली घेऊन. घरात आल्या आल्या वांग्याचा वास आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मी सृष्टीला विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. झालं होतं असं की डबे भरायला लागले तेव्हा पहिल्यांदा बाजारात वांगी छान मिळाली होती, म्हणून सुरुवातीचे सगळे डबे वांग्याचेच झाले. मग डाळीचे. पाटवडी सगळ्यात शेवटी. आणि मिलिंदचा नियम तर पक्का होता. घर एका रांगेने वांगी खात चाललं होतं.

सृष्टी म्हणाली, "पापा, एक दिन बीच में दाल ले लेंगे तो प्लांट बंद हो जाएगा क्या?"

"जुना माल मांगं पडते अन् खराब होते," मिलिंद म्हणाले. "आज एक दिवस केलं की मंग रोजच होते."

मी बाटली हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं की आज पाटवडी काढा, मी सांगते आहे, मी केली आहे. ते म्हणाले, तिचा नंबर नाही आला. त्या दिवशी मला इतका राग आला की दुखणं विसरले. नंतर कळलं, त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्या ताब्यात असलेली तेवढी एकच गोष्ट होती. गाठीवर काही चालत नव्हतं, रिपोर्टवर चालत नव्हतं. वांग्यांवर चालत होतं.

सासूबाई स्वतःपुरती ताजी खिचडी टाकून जेवायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. मग डाळ संपली, पाटवडीचे दिवस आले, आणि एका दुपारी मी पाणी प्यायला उठले तर त्या ओट्यापाशी पाठ करून उभ्या. हातात वाटी, वाटीत रस्सा, रस्स्यात वडी. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. आधी घास गिळला.

"आई, शिळं?" मी म्हटलं.

"शिळं कायचं? हे वाळवणच आहे. ऊन नाही लागलं, थंडी लागली, एवढंच."

त्या दिवसापासून आमच्या घरात गोठवलेल्या अन्नाला थंडीतलं वाळवण म्हणतात. साहू दीदींनाही त्यांनी ते असंच समजावून सांगितलं, जणू त्यांनीच शोधून काढलं होतं.

चव

केमोबद्दल सगळे केसांचं सांगतात. चवीचं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या केमोनंतर तोंडात लोखंड ठेवल्यासारखं झालं. जे जे मी प्रेमाने कांदा परतून, खोबरं भाजून केलं होतं त्याच्या वासाने मला खोली सोडून पळावं लागे. माझ्याच हातचं जेवण घरातले तिघे जेवायचे आणि मी दार लावून आत लिंबू चोखायची. एकदा दाराच्या फटीखाली ओला टॉवेल लावला होता. मिलिंदनी बाहेरून विचारलं, लीकेज आहे का?

मला काय खावंसं वाटावं? बासी. साहू दीदींच्या ताटातली, गार, कांदा घातलेली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले. रात्रभर भिजलेला भात या काळात अजिबात नाही म्हणाल्या, पोट बिघडलं तर महागात पडेल. मी तोंड पाडून घरी आले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी ताजा भात लावला, तो पंख्याखाली परातीत पसरून गार केला, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवला, चिमूटभर मीठ टाकलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "घे. ताजी बासी."

आयुष्यभर शिळ्याचा विटाळ मानलेली ती बाई माझ्यासाठी खोटं शिळं करत बसली होती. मी सगळी वाटी संपवली. पुढे प्रत्येक केमोनंतर तेच माझं जेवण होतं. केस गेले तेव्हाही त्यांनीच कंगव्यातले गोळा केले आणि मला दिसायच्या आत कुठेतरी टाकून आल्या.

घर चालू लागलं

आता जरा कडू लिहिते. घर चालू लागलं. डबे कमी होऊ लागले तसे मिलिंद रविवारी डाळ करून गोठवू लागले. सृष्टी पोळ्या करू लागली, नकाशातले देश ओळखू येतील अशा. बारावीचे पेपरही झाले. मी जे मागितलं होतं तेच मिळत होतं, आणि मी आतल्या खोलीत पडून ऐकत असे की ताटं लागली, हसले, ताटं उचलली. मी नसले तरी जमतं आहे. मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू यायचं.

मिलिंद तर माझ्या खोलीत आले की पाय कुठे ठेवावा अशा चेहऱ्याने उभे राहायचे, औषध घेतलं का विचारायचे आणि जायचे. दर रविवारी मात्र फ्रीजर उघडून त्यात डोकं घालून किती तरी वेळ उभे असायचे. एका रविवारी मी अंथरुणातून ओरडले की तुम्हाला बायकोपेक्षा डब्यांची काळजी जास्त आहे, त्यांच्याशीच संसार करा. फ्रीजरचं दार लागल्याचा आवाज आला. दोन दिवस आम्ही फक्त थर्मामीटरपुरते बोललो.

त्यातच अंधड आलं. धूळ, पत्रे, सगळं उडालं आणि लाइट गेली ती दुपार उलटून गेली तरी येईना. मी खिडकीतून पाहिलं तर मिलिंद टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून, छातीशी धरून, वाकून धावत साहू दीदींच्या घराकडे चालले होते. त्यांच्याकडे फ्रीजसुद्धा इन्व्हर्टरवर चालतो. मला वाटलं, माझी इंजेक्शनं नेत असतील. माझा राग थोडा उतरला. इकडे आमच्या फ्रीजरमधली डाळ विरघळली आणि आम्ही त्या दिवशी तीन वेळा डाळ खाल्ली.

लाल टॅग

शेवटची केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, पावसाळाही सरत आला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बसायला सांगितलं नाही. उभ्या उभ्याच रिपोर्ट दाखवला आणि हसल्या. मिलिंदनी टॅग तपासला.

नंतरच्या रविवारी मी ओढणी कमरेला खोचून स्वयंपाकघरात शिरले. फ्रीजरमध्ये बर्फाचे थर साचले होते. म्हटलं, आता हे माझं राज्य, आधी साफ करते. फ्रीज बंद केला, एकेक डबा बाहेर काढला. सगळ्यात मागे, बर्फाच्या थरांआड ठेवलेला, आइस्क्रीमचा एक पांढरा डबा निघाला. त्याला लाल टॅग होता. बाकी सगळे पिवळे. त्यावर मालाचं नाव नव्हतं.

मी हाक मारली. मिलिंद आले आणि डबा पाहून तिथेच थांबले.

"हे काय आहे? कधीचा आहे? फेकून देते," मी म्हटलं.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "हा नाही काढाचा."

"काहून?"

ते टॅगशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तू दवाखान्यात जाताना शेवटी ठेवला होता. मी पाहून राहिलो होतो. म्हटलं, बाकी सगळं संपू दे. काही झालंच तं घरात तुह्या हातचं एक तं राहिन."

गिअरबॉक्स मला तेव्हा आठवला. दर रविवारी ते फ्रीजरमध्ये डोकं घालून काय करत असत तेही कळलं. ते या डब्यावरचा बर्फ पुसत असत. अंधडात छातीशी धरून नेला तोही हाच. मी ओट्याला टेकून रडले, मोठ्याने रडले, आणि त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा मिलिंदही रडले, डबा हातात धरूनच.

आवाजाने सासूबाई आल्या, सृष्टी आली. काय आहे त्यात, सासूबाईंनी विचारलं. मिलिंद डोळे पुसत म्हणाले की तांदळाची खीर असावी, झाकणाच्या फटीतून पांढरं दिसतं. सासूबाई म्हणाल्या की मग खाऊन टाका की आता, बाई बरी झाली, कोणासाठी ठेवता. मिलिंदनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तार उलगडून टॅग सोडला आणि तो खिशात ठेवला.

डबा परातीतल्या पाण्यात ठेवून आम्ही चौघं भोवती बसलो. सासूबाईंनी वेलदोडे कुटून ठेवले. मी आठवत होते की मी खीर कधी केली होती. त्या गडबडीत दूध आटवायला वेळ कुठे होता? हळूहळू कडा सुटल्या. मधला पांढरा गोळा आक्रसत गेला आणि भोवती जे सुटलं ते स्वच्छ, नितळ होतं. आणि मग मला आठवलं. ऑटो दारात उभी. कोपऱ्यात फट. नळाखाली धरलेला डबा.

मी बोलणार होते, पण मला हसू फुटलं. टाक्यांच्या बाजूला अजून ओढ बसते, तिथे हात दाबून मी हसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. सृष्टीने त्यात बोट बुडवून चाटलं.

"पापा," ती म्हणाली, "ये तो पानी है."

मिलिंदनी डब्यात पाहिलं. इतर डबे गार राहावेत म्हणून भरलेलं ते पाणी. ते त्यांनी टॅग लावून जपलं होतं, पुसलं होतं, आणि लाइट गेली त्याच दिवशी, जेव्हा त्याची खरी गरज होती, शेजारी नेऊन सुरक्षित ठेवलं होतं. डाळ विरघळली त्याचं कारण आमच्यासमोर परातीत तरंगत होतं. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं आता उठून जातील.

ते उठले, मांडणीवरचा स्टीलचा पेला घेतला, डबा तिरपा करून पेला भरला आणि उभ्या उभ्या सगळा प्याले.

"तुह्याच हातचं आहे," ते म्हणाले.

"शिळं पाणी हाये थे, बाप्पा," सासूबाई म्हणाल्या.

"हव," असं म्हणून मिलिंदनी दुसरा पेला भरला.